बंद हो म्हटलं, तरी बंद का होत नाही?

बालदोस्तांनो, "मिक्सर सुरू होत नाही", "टीव्ही लागत नाही", "पंखा फिरत नाही" अशा तक्रारी आपण घरोघरी ऐकतो. पण "बंदच होत नाही हो!" अशी तक्रार कधी ऐकली आहे का? पंख्याचं बटण वर केलं की पंखा थांबतो. त्याला विचारावं लागत नाही, की बाबा रे, तुझं काही काम राहिलंय का? संगणकाचं मात्र तसं नसतं. आणि तो संगणक घरातला साठवणीचा सर्व्हर असेल, वर त्याच्या पोटात आणखी दोन-तीन संगणक चालत असतील, तर त्याला बंद करणं म्हणजे तान्ह्या बाळाला झोपवण्याइतकं नाजूक काम. घाई केली की रडारड ठरलेली!

साठवणीचा सर्व्हर म्हणजे काय? आजीची जुनी ट्रंक आठवा. पैठणी, चांदीची वाटी, जुनी पत्रं, सगळं एकाच जागी. तशीच ही फोटोंची, व्हिडिओंची आणि कागदपत्रांची ट्रंक. एक पेटी, तिच्यात तीन-चार हार्ड डिस्क, आणि घरातले सगळे मोबाइल-संगणक वायरने किंवा वायफायने तिला जोडलेले. ताईच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात असतात, आणि आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींचं रेकॉर्डिंगही. आजोबा आता नसतील, तर त्या रेकॉर्डिंगचं मोल पैशात करता येईल का? म्हणूनच ही पेटी बंद कशी करायची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

एका पेटीत चार संगणक

आता आभासी संगणक म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा संगणक एकच. पण एक हुशार प्रोग्रॅम त्याची मेमरी, त्याचा प्रोसेसर आणि डिस्कवरची जागा वाटून देतो आणि प्रत्येक वाटेकऱ्याला भासवतो, की बाबा, हा अख्खा संगणक तुझाच! मग एका वाट्यात विंडोज चालतं, दुसऱ्यात लिनक्स. आभासी संगणकाची 'हार्ड डिस्क' म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक भली मोठी फाईल असते. ही गोष्ट लक्षात ठेवा बरं का, पुढं तिचं काम पडणार आहे.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आयबीएम कंपनीच्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० नावाची प्रणाली वापरात आली. ती एका मोठ्या यंत्रावर १४ आभासी संगणक चालवू शकत असे. २००७ साली लिनक्समध्ये केव्हीएम नावाची सोय आली आणि हीच युक्ती घरच्या साध्या संगणकावरही सोपी झाली.

शाळा सुटते तेव्हा

आपली शाळा कशी सुटते, ते आठवा. घंटा झाली म्हणून शिपाईमामा लगेच फाटकाला कुलूप लावतात का? नाही. आधी घंटा होते. मग फळ्यावरचं शेवटचं वाक्य वहीत उतरतं, दप्तरं भरली जातात, वर्ग रिकामे होतात. मामा एकेका वर्गात डोकावतात, खिडक्या लावतात, दिवे बंद करतात आणि अगदी शेवटी फाटकाला कुलूप.

सर्व्हरचंही असंच असतं. 'बंद कर' असा हुकूम मिळाला, की तो आधी आभासी संगणकांना निरोप पाठवतो. मग इतर चालू कामं थांबवतो. मग मेमरीत साठलेलं सगळं डिस्कवर उतरवतो, डिस्क एकेक करून सोडवतो आणि शेवटी वीज तोडतो.

यातली 'मेमरीतलं डिस्कवर उतरवणं' ही पायरी फार महत्त्वाची. तुम्ही फोटो सर्व्हरवर टाकला, 'झालं' असा निरोपही आला. तरी तो फोटो त्या क्षणी डिस्कवर असेलच असं नाही! वेग वाढावा म्हणून संगणक आधी मेमरीत लिहितो आणि जमेल तसं डिस्कवर उतरवतो. लिनक्समध्ये असा मजकूर एरवी सुमारे ३० सेकंदांपर्यंत मेमरीत थांबू शकतो. मेमरी म्हणजे फळा, डिस्क म्हणजे वही. वहीत उतरवायच्या आत कुणी फळा पुसला, तर? वीज अचानक तोडली की नेमकं हेच होतं.

मग अडतं कुठं?

निरोप दिला, पण सर्व्हरचा दिवा जळतोच आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आता गुन्हेगार शोधायला हवा. बहुतेक वेळा तो पुढच्या चौघांपैकी एक असतो.

पहिला : मागच्या बाकावर झोपलेला. सर्व्हर आभासी संगणकाला निरोप देतो तो कसा? तर त्याचं 'पॉवरचं बटण दाबल्यासारखं' करतो. एसीपीआय नावाचे वीज सांभाळण्याचे नियम १९९६ साली ठरले, त्यातलीच ही खूण. पण आतलं विंडोज झोपेच्या अवस्थेत असेल, किंवा 'बटण दाबलं तर काही करू नकोस' असं त्याला सांगून ठेवलेलं असेल, तर घंटा वाजूनही तो ढिम्म! कधी आत एखादी फाईल जतन न करता उघडी असते. "जतन करू का?" असं विचारत विंडोज बसून राहतं, आणि उत्तर द्यायला समोर कुणीच नसतं. कधी अपडेटचं काम चाललेलं असतं.

यावर उपाय आहे. आभासी संगणकात झोपेची सोय बंद करायची, 'बटण दाबल्यावर बंद हो' असं ठरवून द्यायचं, आणि 'गेस्ट एजंट' नावाचा छोटा प्रोग्रॅम आत बसवायचा. हा वर्गातल्या मॉनिटरसारखा असतो. बाहेरचा निरोप तो थेट आत पोचवतो.

दुसरा : उघडी फाईल. डिस्कवरची एक जरी फाईल कुणी धरून ठेवली असेल, तर ती डिस्क सोडवता येत नाही. संगणक म्हणतो, "जागा वापरात आहे." आता मघाची गोष्ट आठवा. आभासी संगणकाची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाईल. आभासी संगणक बंद झाला नाही, तर ती फाईल सुटत नाही. फाईल सुटली नाही तर डिस्क सुटत नाही. आणि डिस्क सुटली नाही तर सर्व्हर बंद होत नाही! एक मुलगा बाकावर झोपला, तर अख्ख्या शाळेचं कुलूप अडतं, ते असं.

कधी कारण अगदीच साधं असतं. कुणीतरी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून एखाद्या फोल्डरमध्ये जातं आणि ती तशीच सोडून देतं. काम काही चालू नाही, पण 'मी इथं उभा आहे' एवढ्यानंही डिस्क अडते. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठली फाईल धरली आहे, ते सांगणारा एक हुकूम लिनक्समध्ये असतो. त्याचं नाव एलएसओएफ, म्हणजे उघड्या फाइलींची यादी.

तिसरा : उसना घेतलेला भाग. काही जण सर्व्हरमधलं ग्राफिक्स कार्ड एखाद्या आभासी संगणकाला सबंध देऊन टाकतात, गेम खेळायला वगैरे. संगणक बंद झाला की कार्डानं पूर्ववत व्हायला हवं. काही कार्डं होत नाहीत, रुसून बसतात, आणि त्यांच्यापायी खरा सर्व्हरही गोठतो. असा संशय असेल तर ते कार्ड काढून घेऊन, म्हणजे आभासी संगणकाला न देता, एकदा बंद करून बघायचं.

चौथा : ज्याच्याकडं किल्ली, तोच आधी घरी. काही घरांत राउटरचं कामच एक आभासी संगणक करत असतो. तो आधी बंद झाला की घरातलं सगळं नेटवर्क गेलं. मग सर्व्हर आतल्या आत काय करतो आहे, हे दुसऱ्या संगणकावरून पाहताच येत नाही. तो व्यवस्थित बंद होत असतो, पण आपल्याला वाटतं अडकला! शिवाय दुसऱ्या पेटीवरचं फोल्डर नेटवर्कवरून जोडलेलं असेल, तर नेटवर्क गेल्यावर ते सोडवताना सर्व्हर खरंच अडकू शकतो. म्हणून राउटरचं काम करणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी जायचं.

घड्याळाचा हिशोब

तुम्ही म्हणाल, "सर्व्हर जन्मभर वाट बघत बसतो का?" नाही. त्याच्याकडं घड्याळ असतं. अनरेड नावाची प्रणाली घरगुती सर्व्हरवर बरीच वापरली जाते, तिचंच उदाहरण घेऊ. काही बदललं नसेल, तर ती आभासी संगणकांसाठी ६० सेकंद थांबते. आणि सगळी आवराआवर मिळून ९० सेकंदांत झाली नाही, तर सरळ जबरदस्तीनं बंद करते. प्रॉक्समॉक्स नावाची दुसरी प्रणाली प्रत्येक आभासी संगणकासाठी एरवी १८० सेकंद वाट पाहते.

आता गणित बघा. समजा विंडोजला बंद व्हायला ११० सेकंद लागतात. आपण हुशारीनं आभासी संगणकांची मुदत ६० वरून १५० केली. झालं का काम? नाही! कारण मोठी मुदत अजून ९० च आहे. ९० सेकंद झाले, की मामा कुलूप लावून मोकळे, आणि विंडोज अजून दप्तर भरतंच आहे. म्हणून मोठी मुदत नेहमी छोटीपेक्षा जास्त हवी. ११० सेकंद विंडोजचे आणि डिस्क सोडवायचे, समजा, ३५. एकूण १४५. थोडी सूट धरून मोठी मुदत २४० सेकंद ठेवली, की निर्धास्त.

यात यूपीएसही जोडा. वळवाचा पाऊस आला, वीज गेली, यूपीएस कुईकुई करायला लागला. तो सर्व्हरला वायरनं जोडलेला असेल, तर सर्व्हरला कळतं, की आता आपण बॅटरीवर आहोत. समजा बॅटरी १० मिनिटं टिकते. ३ मिनिटं वीज येते का पाहिली. आवराआवरीला आपण २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं दिली. झाली ७. हाती उरली ३ मिनिटं. हिशोब जमला. पण 'बॅटरीत एक मिनिट उरलं की बंद हो' असं ठरवलेलं असेल तर? चार मिनिटांचं काम एका मिनिटात कसं होणार? आणखी एक, बॅटरी जुनी झाली की १० मिनिटांची ६ होतात. म्हणून वर्षातून एकदोनदा ती किती टिकते ते तपासायलाच हवं.

डिटेक्टिव्हची पद्धत

गुन्हेगार पकडायचा, तर सगळ्यांना एकदम हुकूम द्यायचा नाही. एकेक पायरी घ्यायची.

१. एकेक आभासी संगणक हातानं बंद करा. घड्याळ लावा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहा. जो बंदच होत नाही, त्याच्यापाशी थांबा. त्याच्या पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचा.

२. मग सर्व्हरवरचे इतर छोटे कार्यक्रम बंद करा.

३. मग नुसत्या डिस्क थांबवा, सर्व्हर चालूच ठेवा. इथं अडलं तर उघडी फाईल शोधा.

४. हे सगळं सुरळीत झालं, की शेवटी सर्व्हर बंद करा.

५. एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं बरं झालं, तर औषध कोणतं लागू पडलं ते कळत नाही.

सर्व्हर आपली रोजनिशीही लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. "अमुक वाजता हे थांबवलं, तमुक वाजता ते." अडकण्याआधीची शेवटची ओळ हाच सगळ्यांत मोठा पुरावा. पण काही प्रणालींत, अनरेडमध्येही, ही रोजनिशी मेमरीत असते. वीज तोडली की पुरावाही गेला! म्हणून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर जात राहील अशी सोय आधीच करून ठेवतात.

बेरजेची जादू आणि तिचा घोटाळा

इतकं करूनही कुणी कंटाळून बटण दाबून धरलं, तर? बहुतेक संगणकांचं बटण चार सेकंद दाबून धरलं की वीज तुटते. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी डिस्क त्यातूनही सहसा सावरते. फिरत्या तबकड्यांच्या उरल्यासुरल्या जोरावर ती आपला वाचणारा हात सुरक्षित जागी नेऊन ठेवते. पण खरी गडबड निराळ्याच ठिकाणी होते.

समजा तीन डिस्कवर ७, ५ आणि ८ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहिली, २०. तिला पॅरिटी डिस्क म्हणतात. आता दुसरी डिस्क मेली. काही बिघडलं? २० वजा ७ वजा ८ बरोबर ५! हरवलेला आकडा सापडला. खऱ्या पॅरिटीत बेरजेऐवजी एकं सम आहेत की विषम, एवढंच पाहतात, पण तत्त्व हेच.

आता घोटाळा बघा. पहिल्या डिस्कवर ७ चे ९ केले. बेरीज २२ करायची, तेवढ्यात वीज गेली. बेरीज २० च राहिली. वरवर सगळं ठीक दिसतं. महिन्यानंतर दुसरी डिस्क मेली. २० वजा ९ वजा ८ बरोबर ३. पण तिथं तर ५ होते! म्हणजे ज्या डिस्कला त्या रात्री कुणी हातही लावला नव्हता, तिच्यावरची वस्तू बिघडून परत आली. आणि ती वस्तू आजोबांचं रेकॉर्डिंग असेल तर?

म्हणूनच जबरदस्तीनं बंद झालेला असा सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की सगळ्या बेरजा पहिल्यापासून तपासतो. ८ टीबीची डिस्क, सेकंदाला सरासरी १५० एमबी वाचली, तरी या कामाला सुमारे १५ तास लागतात. "केव्हाची घरघर चाललीय" म्हणून कुणी ती मध्येच थांबवू नये. आणि एक लक्षात ठेवा : पॅरिटी डिस्क मेलेल्या डिस्कपासून वाचवते. चुकून पुसलेल्या फाईलपासून, चोरीपासून किंवा आगीपासून नाही. म्हणून आवडत्या फोटोंची एक प्रत घराबाहेर, मामाकडं वा आत्याकडं, असायलाच हवी.

कधी जबरदस्ती करायची?

सर्व्हर गोठलाच आणि दुसरा मार्गच उरला नाही, तर बटण दाबावंच लागतं. पण त्याआधी निदान दहा मिनिटं थांबा. डिस्कचा दिवा लुकलुकतोय का पाहा. लुकलुकत असेल तर तो अजून काहीतरी लिहितोय, लिहू द्या. दुसऱ्या संगणकावरून तो दिसतो का पाहा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावू नका. यूपीएस किंवा पेटी उघडायचं धाडस तर मुळीच नको. यूपीएसमध्ये प्लग काढल्यावरही धक्का बसू शकतो.

हे माहीत आहे का?

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएमच्या रामॅक या यंत्रात आली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. सगळ्या मिळून त्यांत सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलनं काढलेला एखादा फोटोसुद्धा एवढी जागा खातो!

करून पाहा

घरी असा सर्व्हर असेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन एक तक्ता करा. कोण आधी बंद, कोण नंतर, कुणाला किती सेकंद. तो पेटीवर चिकटवा. वीज गेल्यावर अंधारात कुणाचीच धांदल उडणार नाही. घरी सर्व्हर नसेल, तरी हे कोडं सोडवा.

चार डिस्कवर ६, ९, ४ आणि ११ हे आकडे आहेत. पॅरिटी डिस्कवर बेरीज ३०. (अ) तिसरी डिस्क मेली, तर तिचा आकडा कसा मिळेल? (आ) पहिल्या डिस्कवर ६ चे १० झाले, पण बेरीज बदलायच्या आत वीज गेली. मग तिसरी डिस्क मेली, तर कोणता आकडा मिळेल?

उत्तर : (अ) ३० मधून ६, ९ आणि ११ वजा केले की ४. अगदी बरोबर! (आ) ३० मधून १०, ९ आणि ११ वजा केले की शून्य. म्हणजे तिसऱ्या डिस्कवरचा तो आकडा पार पुसला गेला.